वाटलेले पेढे रद्द समजावेत

चूक काना-मात्रेची होती. दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडली असती तर त्याने पावतीची घडी घालून ती डब्यात टाकली असती आणि पुढचं काहीएक घडलं नसतं. पण ती पडली नीळकंठराव दिग्रसकरांच्या नजरेस. त्यांची उभी नोकरी कचेरीत शुद्धिपत्रकं काढण्यात गेलेली. शुद्धिपत्रक म्हणजे काय, ते ज्यांना सरकारी नोकरीचं भाग्य लाभलं नाही त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. साहेब सकाळी घाईघाईत आदेश काढतात, दुपारी त्यातली चूक कोणीतरी दाखवतं, आणि संध्याकाळी एक कागद निघतो, की अमक्या ठिकाणी तमके वाचावे. हा कागद काढायला डोकं थंड आणि नजर बारीक लागते. अख्ख्या पुसदमध्ये असा दुसरा माणूस नाही, असं नीळकंठराव म्हणत. आणि "एक आहे तोच पुष्कळ झाला बाई," असं त्यांच्या पत्नी कुंदाताई म्हणत.

तर ती पावती होती त्यांच्या सुनेच्या, आभाच्या रक्ततपासणीची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून आभा सकाळी लॅबमध्ये रक्त देऊन आली आणि तशीच बस धरून महागावला गेली. तिकडच्या शाळेत ती विज्ञान शिकवते. पावती टेबलावर राहिली, पंख्यानं उडाली, नीळकंठरावांच्या पायाशी आली. त्यांनी ती उचलली आणि उचललेला कागद न वाचता ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पावतीवर नाव होतं 'अभय दिग्रसकर', आणि त्यापुढे 'पुरुष'.

तपासणी कसली, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. खाली इंग्रजीत लांबलचक काहीतरी होतं, त्यातलं 'अँटिबॉडी' तेवढं वाचता आलं. कुंदाताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बायकांची आहे." आता 'बायकांची आहे' म्हटल्यावर आपल्याकडे भल्याभल्या पुरुषांची बोलती बंद होते. नीळकंठरावांचीही झाली. पण अंदाज बांधायला काय कोणाची परवानगी लागते? साकेत आणि आभाच्या लग्नाला नऊ वर्षं झालेली, घरात लेकरू नाही, आणि सुनेची बायकांची तपासणी. दुसरी कसली असणार? कुठलाही अंदाज तपासून घ्यावा, हे त्यांनी कचेरीतल्या दोन पिढ्यांना ओरडून सांगितलं होतं. हा एवढा तपासायचा राहिला.

नातवंड त्यांना हवं होतं यात शंका नाही. पण खरं सांगायचं तर त्यांना आभाचं वाईट वाटायचं. कॉलनीत कोणाचं बारसं असलं की ती आहेर कुंदाताईंच्या हाती द्यायची आणि आपण पेपर तपासत बसायची. पेपर नसले तरी तपासत बसायची. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळा बंद असताना, ती लाल पेन घेऊन रिकाम्या टेबलाशी बसलेली त्यांनी पाहिली आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. ही पोर हसली पाहिजे, एवढंच त्यांना वाटायचं. त्यासाठी काय करावं हे समजत नव्हतं, आणि आता निदान नाव तरी शुद्ध करता येत होतं.

ते तडक लॅबमध्ये गेले. काउंटरवर अंजू नावाची मुलगी होती.

"हे नाव दुरुस्त करा. अभय नाही, आभा. आणि पुरुष नाही, स्त्री."

"काका, सॅम्पल नागपूरले गेलं. आता नाव नाही बदलत. सिस्टीमनं लॉक केलं."

"मग सिस्टीमला सांगा."

"सिस्टीमले अर्ज करा लागते. आधारची झेरॉक्स पाह्यजे, पेशंटची सही पाह्यजे."

अर्ज म्हटल्यावर नीळकंठरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या दिवशी ते झेरॉक्स, सही आणि दीड पानी अर्ज घेऊन हजर. 'दुरुस्तीचे कारण' या मथळ्याखाली त्यांनी मराठीतल्या ऱ्हस्व-दीर्घाची परंपरा थोडक्यात मांडली होती. अंजूनं तो अर्ज डोळे मोठे करून पाहिला आणि म्हणाली, "मोबाइल नंबर कोणता टाकू?" आभा वर्गात फोन बंद ठेवते. साकेत उमरखेडच्या बँकेत, त्याला दिवसभर फोन उचलायला फुरसत नाही. जबाबदार माणूस घरात एकच. नीळकंठरावांनी आपला नंबर दिला.

शेवटी अभयची आभा झाली. 'पुरुष' मात्र तसाच राहिला, कारण लिंगदुरुस्ती नागपूरहून होते असं कळलं.

हे सगळं शेजारच्या मारोतरावांना ठाऊक असणं क्रमप्राप्त होतं. मारोतरावांची महागावकडे शेती, कापूस आणि तूर. पोरांच्या शिक्षणासाठी पुसदला घर बांधलं आणि मग इथेच रमले. दोन्ही घरांच्या मध्ये कंबरेएवढी भिंत होती. तिच्यावर कोपर टेकून मारोतराव जगाचा कारभार पाहायचे. दिग्रसकरांच्या घरात लेकरू नाही ही गोष्ट त्यांनी आणि त्यांच्या कोकिळाबाईंनी पहिल्या दिवसापासून अंगावर घेतली होती. माहूरला जाऊन या, हे त्यांनीच सांगितलं. जाऊन आले. मग पळसाच्या पानाचं दूध सांगितलं, ते साकेतनं चुकून स्वतः पिऊन टाकलं आणि त्याला तीन दिवस सुट्टी काढावी लागली. मग दिशा बदलून झोपायला सांगितलं. पलंग फिरवताना कपाटाचा आरसा फुटला, तर म्हणाले आता सात महिने थांबा. सल्ला देणाऱ्याला पलंग थोडाच उचलावा लागतो! पण निर्मळ मनाचं माणूस. पोटतिडकीनं बोलायचं. त्यामुळे नीळकंठरावांना रागावताही येत नसे.

"कायची टेस्ट होय जी, भाऊसाहेब?" मारोतरावांनी भिंतीवरून विचारलं.

"बायकांची आहे."

"मंग बराबर!" मारोतराव म्हणाले. "कोकिळा म्हनेच. म्हने, आभाच्या तोंडावर तेज दिसून राह्यलं."

तेज कसलं, पोरीला सर्दी झाली होती. पण नीळकंठरावांना तेज आवडलं.

पुढच्या आठवड्यात ते अंगणात नळी धरून मोगऱ्याला पाणी घालत होते, तेव्हा फोन वाजला.

"काका, लॅबमधून अंजू बोलतो. आभा दिग्रसकरचा रिपोर्ट आला."

"काय आहे?"

"पॉझिटिव्ह हाय."

नळीची धार मोगऱ्यावरून सुटली आणि भिंतीवरून मारोतरावांच्या छातीवर गेली. मारोतराव प्रसंग ओळखून भिजत उभे राहिले.

"पक्कं?"

"पक्कं काका. चांगला पॉझिटिव्ह हाय. आकडा लय वर हाय."

"आकडा वर म्हणजे... जुळं?"

"ते मॅडम सांगतीन," असं म्हणून अंजूनं फोन ठेवला.

त्या वेळी कुंदाताई घरी असत्या तर त्यांनी कान पकडून नवऱ्याला खाली बसवलं असतं. पण त्या नेमक्या भजनी मंडळात. साकेतचा फोन वाजून वाजून थकला. आभाचा बंद. नीळकंठरावांना आनंद ठेवायला घरात जागा मिळेना. तीन महिने होईस्तोवर बोलू नये असा रिवाज आहे, हे त्यांना आठवलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

"काही रिवाज नाही अन् फिवाज नाही," ओल्या बंडीतून मारोतराव म्हणाले. "नऊ साल वाट पाह्यली तुमी. अजून कायले थांबता? चाला, पेढे आनू."

आणले. चांगले केशरी आणले. नीळकंठराव पुढे, मारोतराव डबे घेऊन मागे, अशी कॉलनीची फेरी झाली. जन्मभर ज्या माणसानं कोणाच्या फाटकाच्या आत विनाकारण पाऊल टाकलं नाही, तो त्या दुपारी घराघरात जाऊन सांगत होता, "सुनेचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला." लोकांनीही तोंडभर आशीर्वाद दिले. एका आजीबाईंनी तर नीळकंठरावांचीच दृष्ट काढली. पुसदच्या दुपारी इतकं भरून येण्यासारखं काही नसतं, पण त्यांना भरून आलं.

महागावची बस आली तेव्हा आभा नेहमीसारखी पर्स खांद्याला अडकवून घराकडे निघाली. फाटकाशी कोकिळाबाई ताट घेऊन उभ्या. ताटात नारळ, गहू, खण. त्यांनी आधी तिच्या तोंडात पेढा कोंबला.

आभानं तो खाल्ला. दमून आली होती, भूक लागली होती. हसत म्हणाली, "अय्या, कोणाकडची गोड बातमी आहे, काकू?"

"तुहीच व माय!" कोकिळाबाईंनी तिची हनुवटी धरली.

आभा पेढा गिळायची थांबली. मागे पायरीवर सासरे उभे होते, हात जोडून, जसे काही लग्नाच्या मांडवात उभे आहेत. ते म्हणाले, "लॅबचा फोन आला होता बाळ. पॉझिटिव्ह आहे. आकडा फार चांगला आहे."

तिनं पर्स खाली ठेवली. कोकिळाबाई ओटी भरत होत्या आणि आभाच्यानं नाही म्हणवलं नाही. तिनं पदर पुढे केला, गहू घेतले, नारळ घेतला, कोकिळाबाईंना वाकून नमस्कार केला. मग घरात आली, ओटी देवापुढे ठेवली आणि सासऱ्यांना हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ती दिवस राहिल्याची तपासणी नव्हती. गर्भनळ्यांना कधी जंतूंचा त्रास झाला होता का, त्याची होती. त्यात पॉझिटिव्ह येणं चांगलं नसतं."

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. लोटूनच घेतलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर नीळकंठरावांना बरं वाटलं असतं.

संध्याकाळी साकेत आला आणि जे बोलायचं ते सगळं बोलला. "बाबा, तुम्ही काय करून ठेवलं हे! कोणाला विचारलं?" नीळकंठराव खाली मान घालून ऐकत होते. कुंदाताई भजनाच्या साडीतच भिंतीला टेकून बसल्या होत्या. डब्यात चार पेढे उरले होते, ते कोणी खाईना आणि टाकवेनातही.

त्यात दुसरी गोष्ट अशी झाली, की साकेतनं त्या जंतूचं नाव मोबाइलवर शोधलं. मोबाइल काय, तो विचारलं त्याच्या चौपट सांगतो. त्यानं सांगितलं की हा आजार नवराबायकोच्या संबंधातून लागतो. बस. त्या रात्रीपासून साकेत आभाशी आणि आभा साकेतशी मोजून मापून बोलायला लागली. मीठ दे, चावी कुठंय, एवढंच. आपण आणलेली बातमी घरात किती खोलवर घुसली ते नीळकंठरावांना दिसत होतं. कचेरीत असताना चुकीच्या आदेशानं एखाद्याची बदली भलत्याच गावी व्हायची, तेव्हा ते कसे तळमळायचे! आणि इथे तर आदेश त्यांनीच काढला होता.

डॉक्टरीणबाईंकडे जायच्या दिवशी ते रिक्षात बसले तर साकेत म्हणाला, "तुम्ही कशाला?" आभा म्हणाली, "येऊ दे त्यांना. पेढे त्यांनी वाटले, तर समजू दे त्यांना नीट." तिचा आवाज कडू नव्हता. नुसता थकलेला होता.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट हातात घेतला आणि पहिल्यांदा विचारलं, "पुरुष कोण आहे?" नीळकंठराव उठून खुलासा करायला लागले, तर कुंदाताईंनी त्यांचा सदरा ओढून खाली बसवलं.

साकेतनं घसा साफ केला. "मॅडम, हे... म्हणजे हे कोणाकडून आलं, ते यात कळतं का?"

आभानं त्याच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांच्या संसारात असं तिनं कधी पाहिलं नसावं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साकेत, हा कागद कोणाकडे बोट दाखवायच्या कामाचा नाही. रक्तात जे सापडलंय ते जंतू नव्हेत. जंतूंशी लढायला शरीरानं केलेले शिपाई आहेत. लढाई संपली तरी हे शिपाई वर्षानुवर्षं रक्तात फिरत राहतात. त्यामुळे लढाई गेल्या महिन्यात झाली की पंधरा वर्षांपूर्वी, ते नाही कळत. आणि या जंतूचा एक चुलतभाऊ आहे, त्यानं नुसता खोकला होतो. त्याच्याशी लढलेले शिपाईही कधीकधी या तपासणीत असेच दिसतात. आणि हा असला तरी दहातल्या बऱ्याच बायकांना काहीएक जाणवत नाही, पुरुषांनाही नाही. तुमच्याकडून तिला, तिच्याकडून तुम्हाला, की कोणाकडून कोणालाच नाही, हे देवालाही या कागदावरून सांगता यायचं नाही."

"म्हणजे आवक झाल्याची नोंद आहे," नीळकंठरावांच्या तोंडून निघून गेलं, "पण तारीख नाही, आणि पाठवणाऱ्याचं नावही नाही."

"अगदी बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असल्या कागदावर तुमच्या कचेरीत कारवाई करता का?"

"छे हो! फाइलला लावून ठेवतो."

"मग लावून ठेवा. आत्ता अंगात जंतू आहे का, ते बघायला लघवीची वेगळी तपासणी असते, ती दोघं करा. या कागदाचा उपयोग एवढाच, की गर्भनळ्यांचा एक्स-रे काढून पाहावा."

साकेत मान खाली घालून बसला होता. बाहेर आल्यावर त्यानं आभाच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "चुकलो मी." रस्त्यावरून सोयाबीनच्या पोत्यांचा ट्रक चालला होता, त्या आवाजात तिला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण तिनं पिशवी दिली.

लघवीच्या तपासणीत दोघांच्याही काही निघालं नाही. एक्स-रेत मात्र निघालं. दोन्ही नळ्या बंद. जुनी बाब, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधीची ते सांगता येत नाही. आपोआप दिवस राहणं आता होणार नाही. नागपूरला जाऊन टेस्ट ट्यूबचं बघता येईल, पण तिथेही आशा थोडीच धरा, वयाचा आणि बाकीचा विचार करता. आभानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आत्ता नाही. मला जरा थांबायचंय."

घरी येताना तिनं रिक्षा थांबवून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. मग सगळं घर वर्तमानपत्र अंथरून मेथी निवडत बसलं, साकेतसुद्धा. आभा रडली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. शाळेत गेली, आली, स्वयंपाक केला. कुंदाताईंना तिच्या न रडण्याची धास्ती वाटायला लागली. "एकदा रडली पाहिजे हो ती," त्या रात्री कुजबुजत म्हणायच्या, "आत साठलं तर वाईट." पण रड म्हणून कोणाला सांगता येतं का?

आता राहिले पेढे. कॉलनी वाट पाहत होती. भाजीवालीसुद्धा आभाला निवडून निवडून कोवळे दोडके द्यायला लागली होती, आणि एका शेजारणीनं बाळाच्या झबल्यांचं गाठोडं पाठवलं होतं. हे आधी थांबवायला हवं, आणि जे आपण वाटलं ते आपणच परत घ्यायला हवं, असं नीळकंठरावांनी ठरवलं. परत घ्यायची रीत त्यांना एकच ठाऊक. त्यांनी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी मजकूर तयार केला: 'शुद्धिपत्रक. कॉलनीतील सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की, आमचेकडून अनवधानाने वाटण्यात आलेले पेढे रद्द समजावेत. पॉझिटिव्ह याचा अर्थ येथे निराळा वाचावा. झालेल्या तसदीबद्दल दिलगीर आहोत.'

तो कुंदाताईंनी वाचला. त्या हसल्या. हसता हसता रडल्या, आणि मजकूर पुसून टाकला. "जाऊन सांगा," म्हणाल्या. "तोंडानं वाटलं, तोंडानं परत घ्या."

मग रविवारी सकाळी ते निघाले. पहिलं घर त्या दृष्ट काढणाऱ्या आजीबाईंचं.

"आजी, एक सांगायचं होतं. आमच्या सुनेचं... ते नाही."

आजीबाईंचा हात तोंडावर गेला. "पडलं काय रे बापा?"

"नाही नाही, पडलं नाही. नव्हतंच."

"हो रे बाबा," आजीबाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "असंच म्हणा लागते. नव्हतंच म्हणायचं, अन् पुढं चालायचं."

"अहो, खरंच नव्हतं!"

"मी काय दुसरं म्हणून राह्यली?" आजीबाईंनी डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी त्यांनी अँटिबॉडी, शिपाई आणि चुलतभाऊ हे सगळं पद्धतशीर समजावून सांगितलं. तिथले निवृत्त मास्तर मान डोलवत ऐकत होते, आणि शेवटी म्हणाले, "विज्ञान कितीही पुढं गेलं दिग्रसकर, तरी जे आपल्या हातात नाही ते नाही. पोरीची काळजी घ्या." नीळकंठराव जितकं खरं सांगत, तितका लोकांना त्यांचा जास्त कळवळा येई. चौथ्या घरापासून त्यांनी सांगणंच सोडलं. ते नुसते दारात उभे राहत आणि लोक समजून घेत. आयुष्यात इतकं अशुद्ध काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

दुपारी बायका यायला लागल्या. एकेक, दोन-दोन, पायरीवर चपला काढून मुकाट आत. त्यांना आत घेताना कुंदाताई सारख्या आभाकडे पाहत होत्या. आता आभा काय म्हणेल? कोकिळाबाई सगळ्यात शेवटी आल्या. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा आणि वाटीत कोमट तेल. आल्या त्या सरळ आभाच्या पायाशी जमिनीवर बसल्या.

"कच्चं बाळंतपण पक्क्यापरीस वाईट रायते, माय. अंग सांभाळा लागते. पाय इकडं दे."

दारात नीळकंठराव उभे होते. त्यांना ते पाहवेना. एका चुकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, आणि आता ही बाई नसलेल्या बाळंतपणाचं तेल चोळायला बसलेली! ते पुढे झाले. "कोकिळाबाई, थांबा. तुमचा गैरसमज होतोय. मी सकाळपासून हेच सांगून राहिलो, की—"

"बाबा," आभा म्हणाली, "राहू द्या."

"अगं, पण हे खरं नाही."

"राहू द्या ना, बाबा. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला कोणी भेटायला आलंय."

तिनं पाय पुढे केला. कोकिळाबाई तेल चोळायला लागल्या. चोळता चोळता म्हणाल्या, "माहं बी गेलतं व एक. आमच्या थोरल्या नयनच्या पयले. चार महिन्याचं. कोनाले सांगतलं नाही मी, वावरात गेली तशीच दुसऱ्या दिशी. सासू म्हने, झालं काय एवढं? अजूनबी कधी कधी हात पोटाकडं जाते." त्यांच्या नाकातून पाणी वाहत होतं आणि हात तेलाचे, म्हणून पुसता येत नव्हतं. आभानं आपल्या पदरानं ते पुसलं. पुसता पुसता तिचा चेहरा वाकडा झाला, आणि मग ती कोकिळाबाईंच्या खांद्यावर पडून जे रडली, जे रडली! मोठ्यानं, आवाज दाबून न धरता, घरातलं कोणी गेल्यावर रडतात तशी. बाकीच्या बायकाही रडायला लागल्या. एक म्हणाली, माझं दुसरं. एक म्हणाली, माझ्या बहिणीचं. कुंदाताई स्वयंपाकघरातून आल्या, सुनेच्या मागे बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

नीळकंठराव बाहेर आले. ओट्यावर मारोतराव बसले होते, कॉलनीतले आणखी दोघं-तिघं होते, आणि एका कोपऱ्यात साकेत. पुरुष जसे अशा वेळी बसतात तसे बसले होते, जमिनीकडे पाहत. नीळकंठरावही बसले. आतून आभाचा आवाज येत होता.

मग मारोतरावांनी हळूच विचारलं, "कितवा लागला होता, भाऊसाहेब?"

साकेतनं झटकन मान वर करून वडिलांकडे पाहिलं.

"तिसरा," नीळकंठराव म्हणाले.

मारोतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तिसऱ्यात तं काही समजत नसन. पोरगा का पोरगी ते."

"मुलगी होती," नीळकंठराव म्हणाले, आणि त्यांनी तोंडावर उपरणं धरलं. साकेत उठला, त्यांच्या शेजारी येऊन बसला, आणि मग तोही रडायला लागला.